गेटावरच्या पाटीचा इतिहास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मार्च-एप्रिल उजाडला, की आमच्या वरोऱ्यात एक प्रश्न ऐकू यायला लागतो. रेल्वेतून उतरलेले, नागपूरहून मोटारीने आलेले, चहाच्या टपरीवर घटकाभर थांबलेले पाहुणे विचारतात, ‘काय हो, वाघ दिसेल ना?’ त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. एवढ्या लांबून पैसे खर्च करून, उन्हातान्हात माणूस येतो तो वाघासाठीच. पण श्रोतेहो, या प्रश्नाला एक जोडप्रश्न आहे आणि तो सहसा कुणी विचारत नाही. आपण ताडोबात जातो, त्याने ताडोबाचं भलं होतं की वाईट? आणि भलं व्हायला हवं असेल, तर आपण नेमकं काय करायचं? आज मी त्याबद्दल बोलणार आहे.

मी इतिहासाचा शिक्षक. प्राण्यांचा अभ्यासक नाही, वनखात्याचा माणूस नाही. म्हणून या प्रश्नाकडे मी इतिहासाच्या वाटेनेच जाणार. ताडोबाच्या कुठल्याही प्रवेशद्वारावर, म्हणजे मोहर्ली घ्या, कोलारा घ्या, नवेगाव घ्या किंवा आमच्या बाजूचं खुटवंडा घ्या, नियमांची पाटी असते. गाडीतून उतरू नका. कचरा टाकू नका. विडी-सिगारेट पेटवू नका. मोबाइल वापरू नका. प्राण्यांपासून अंतर ठेवा. आपण ती पाटी वाचतो आणि पुढे जातो. सूचना म्हटल्या की त्या कुणीतरी कचेरीत बसून लिहिल्या असतील, असं आपल्याला वाटतं. पण या पाटीवरच्या बहुतेक ओळींना इतिहास आहे. कुठे तरी काही तरी घडलं, कुणी तरी किंमत मोजली, आणि मग ती ओळ लिहिली गेली.

सुरुवात अगदी जुन्या गोष्टीपासून करू. ताडोबा हे नाव आलं तारू या गोंड समाजाच्या गावप्रमुखावरून, असं आपल्याकडे सांगतात. तारू वाघाशी झुंजताना मेला, लोकांनी त्याला देव मानलं, आणि तळ्याकाठच्या मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं झालं. पौष महिन्यात तिथे दर्शनाला जाण्याची रीत फार जुनी. म्हणजे ताडोबाचा पहिला पाहुणा हा वाघ बघायला आलेला नव्हता, वाघाशी लढलेल्या माणसाला हात जोडायला आलेला होता.

याच तळ्याची आणखी एक दंतकथा आहे आणि ती इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्येही नोंदलेली आहे. यात्रेकरू तळ्याकाठी येत, स्वयंपाकाला भांडी नसत. ते तळ्याला हाक मारत आणि पाण्यातून हवी तेवढी भांडी वर येत. जेवणं झाली की भांडी घासून-पुसून परत पाण्यात सोडायची. असं कितीतरी वर्षं चाललं. मग एकाला मोह झाला. त्याने भांडी घरी नेली. घरी नेताच ती नाहीशी झाली, आणि त्या दिवसापासून तळ्याने भांडी देणं बंद केलं. अशा कथा महाराष्ट्रात इतर तळ्यांच्याही सांगतात. पण ताडोबाच्या तळ्याला ही कथा चिकटावी यात मला अर्थ दिसतो. लागेल तेवढं घ्या, वापरा, स्वच्छ करून जिथलं तिथे ठेवा. वनखातं जन्माला यायच्या आधी लोकांनी पाहुण्यासाठी केलेला हा नियम आहे.

हा नियम मोडला गेला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात आमच्या वरोऱ्याचाही वाटा आहे. वरोऱ्याला कोळसा सापडला, 1870च्या दशकात खाण सुरू झाली आणि वर्ध्याहून इथवर रेल्वे आली. बल्लारशाकडे रूळ जाईपर्यंत वरोरा हेच त्या फाट्याचं शेवटचं टोक होतं. खाणीला टेकू लागत, रुळांना स्लीपर लागत, आणि लाकूड होतं ते चांद्याच्या जंगलात. ती खाण 1906 साली बंद पडली, पण जंगलाकडे बघण्याची नजर तोवर बदलली होती. 1878च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या. जो गावकरी तिथून सरपण, मोहफूल, बांबू आणत होता, तो आपल्याच रानात परवानगी मागणारा झाला. आणि परवाना घेऊन आलेला साहेब मात्र बंदूक घेऊन सन्मानाने आत जाऊ लागला. जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत. साहेब मचाणावर बसे आणि गावातली माणसं हाका घालून जनावर त्याच्या बंदुकीपुढे आणून देत. तो दुसऱ्या प्रकारचा पाहुणा. तो वाघ बघत होता, पण बघून झाल्यावर तो वाघ शिल्लक राहत नव्हता.

ताडोबाच्या परिसरात शिकारीला बंदी आली 1935 साली. त्यानंतर वीस वर्षांनी, 1955 मध्ये, 116.55 चौरस किलोमीटरचा टापू राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. म्हणजे ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, आणि ते राज्यापेक्षाही वयाने थोरलं! पुढे 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1986 मध्ये शेजारच्या जंगलाला अंधारी अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि दोन्ही मिळून 1995 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. गाभ्याचं क्षेत्र सुमारे 625 चौरस किलोमीटर. 2010 मध्ये त्याभोवती सुमारे 1100 चौरस किलोमीटरचं बफर क्षेत्र जाहीर झालं. बफर म्हणजे मोकळं रान नव्हे. तिथे गावं आहेत, शेतं आहेत, शाळा आहेत, बाजार आहेत. तिथेच वाघही आहेत.

आणि गाभ्यातही गावं होती. बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी ही नावं नकाशावर नुसती ठिकाणं म्हणून वाचू नका. 2007 पासून एकेका गावाचं पुनर्वसन होत गेलं. आज नवेगावच्या, जामणीच्या कुरणावर गाडी थांबते. समोर चितळांचा कळप असतो, कधी गवे असतात, नशीब असेल तर वाघीण बछडी घेऊन बसलेली असते. पाहुणे म्हणतात, ‘काय सुंदर माळ आहे!’ तो माळ नाही हो, ती कुणाची तरी धानाची बांधी होती, कुणाचं तरी अंगण होतं. ते घर उठलं म्हणून ते कुरण झालं. मला कुणाचा आनंद कमी करायचा नाही. पण जंगलाची राखण कोण करतं, असं विचारलं तर उत्तराची सुरुवात त्या उठलेल्या गावांपासून करावी लागते. आपण तिथे दोन-तीन तासांचे पाहुणे. त्यांनी आपलं गावच दिलं.

आता पाटीवरच्या ओळी घेऊ. पहिली ओळ, गाडीतून उतरू नका. पुष्कळांना ही ओळ जाचक वाटते. पाय मोकळे करायचे असतात, फोटो काढायचा असतो. पण जंगलात रोज पायी चालणारी माणसं आहेत, ती म्हणजे वनरक्षक आणि वनमजूर. वाघांची मोजणी कशी होते हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं. पूर्वी पायाचे ठसे काचेवर उतरवून घेत आणि त्यावरून वाघ ओळखत. त्या पद्धतीत चुका होत. राजस्थानातल्या सारिस्कात वाघ उरलेच नाहीत हे 2005च्या सुमारास उघड झालं, तेव्हा देशभर खळबळ उडाली. 2006 पासून दर चार वर्षांनी कॅमेरा ट्रॅप लावून मोजणी होते, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे वेगळे असतात. पण कॅमेरे लावण्याआधी माणसांनी ठरलेल्या वाटेने पायी चालून खुणा नोंदवाव्या लागतात.

20 नोव्हेंबर 2021 रोजी कोलारा परिक्षेत्रात वनरक्षक स्वाती ढुमणे तीन मदतनिसांबरोबर हेच काम करत होत्या. वाटेत वाघीण बसलेली दिसली. त्या थांबल्या, वाट पाहिली, मग वळसा घालून जाऊ लागल्या. वाघिणीने हल्ला केला आणि त्यात त्यांचा जीव गेला. 2022च्या गणनेत ताडोबात 97 वाघ नोंदले गेले, महाराष्ट्रात 444, हे आकडे आपण अभिमानाने सांगतो. त्या आकड्यांच्या मागे अशी चाललेली पावलं आहेत. म्हणून गाडीतून न उतरणं हे केवळ आपल्या जिवासाठी नाही. आपल्या एका उतरण्याने वाघीण बिथरली, माणसाला घाबरेनाशी झाली किंवा माणसावर चिडू लागली, तर दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर पायी जाणारा कुणी तरी दुसराच असतो. त्याला गाडी नसते.

दुसरी ओळ, कचरा टाकू नका. फेब्रुवारी 2024 मधली गोष्ट आपल्यापैकी कित्येकांनी मोबाइलवर पाहिली असेल. आमच्या वरोरा-चिमूर बाजूला रामदेगीची टेकडी आहे. भाविक पिढ्यान्‌पिढ्या तिथे येत आले आहेत. त्या भागात, निमढेल्याच्या जंगलात, भानुसखिंडी नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाघिणीचा बछडा पाण्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून निघाला. एका छायाचित्रकाराने ते टिपलं आणि जगभर ते दृश्य पोचलं. काहींना गंमत वाटली. वाघ स्वच्छता करतोय, असंही कुणी लिहिलं. मला त्यात गंमत दिसली नाही. ती बाटली तिथे उडत आली नव्हती. कुणी तरी पाणी प्यालं आणि ती टाकली.

अन्नाचा कचरा तर आणखी वाईट. अमेरिकेत यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान 1872 साली झालं, ते जगातलं पहिलं मानलं जातं. तिथे हॉटेलांचा उष्टा-खरकटा माल उकिरड्यावर टाकत आणि अस्वलं तो खायला येत. ती बघायला पाहुण्यांची एवढी गर्दी होई की बसायला बाकं मांडली होती! अनेक वर्षं हा तमाशा चालला. अस्वलं माणसाच्या खाण्याला चटावली, माणसांवर हल्ले झाले, अस्वलं मारावी लागली. शेवटचा उकिरडा बंद व्हायला 1970 साल उजाडलं, आणि तो बंद केल्यावरही सवय लागलेली कित्येक अस्वलं मेली. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला माकडांना बिस्किटं देणारे दयाळू हात दिसतात, तेव्हा मला ती बाकं आठवतात. जंगली जनावराला खाऊ घालणं हे पुण्य नव्हे, त्याच्या गळ्यात आपण दावं बांधतो.

विडी-सिगारेटची ओळ तर सांगायलाच नको. फेब्रुवारी सरला की आमची सागवानी जंगलं निष्पर्ण होतात. जमिनीवर पाचोळ्याचा थर, खाली वाळलेलं गवत आणि वर बांबू. वनखातं उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढतं, म्हणजे ठरावीक पट्ट्यातला पाचोळा आधीच जाळून साफ करतं, की वणवा लागला तरी तो तिथे अडावा. त्यासाठी मजूर रात्रंदिवस राबतात. वणवा विझवण्याचं साधन अजूनही पुष्कळदा हिरव्या डहाळ्यांची झोडपणी हेच असतं. एक थोटूक त्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतं.

आता मोबाइल आणि अंतर या दोन ओळी एकत्र घेतो, कारण त्यांचं मूळ एकच आहे. 2012च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटन तात्पुरतं थांबवलं होतं. भोपाळच्या अजय दुबे यांच्या याचिकेवर तो आदेश होता. गेटं बंद झाली. गाइड, जिप्सीचालक, हॉटेलवाले हवालदिल झाले. ऑक्टोबरमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं आली आणि बंदी उठली. गाभ्याच्या जास्तीत जास्त 20 टक्के भागातच पर्यटन, प्राण्यापासून किमान 20 मीटर अंतर, दोन गाड्यांमध्ये 50 मीटर, वाघाजवळ एका गाडीने 15 मिनिटांहून अधिक थांबायचं नाही, असं त्यात सांगितलं होतं. एवढं बारीक लिहावं लागलं, याचा अर्थ आधी काय चाललं होतं ते समजून घ्या.

मग मोबाइल आला. कुठे वाघ दिसला हे एका गाडीतून दुसऱ्या गाडीला कळू लागलं आणि चारही बाजूंनी गाड्या धावू लागल्या. डिसेंबर 2018 पासून ताडोबात सफारीला मोबाइल नेण्यावर बंदी आली. आणि हे सगळं झाल्यावरही 31 डिसेंबर 2024 रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, एक वाघीण आणि तिची पाच बछडी पर्यटकांच्या गाड्यांच्या मध्ये कोंडली गेली. पुढेही गाड्या, मागेही गाड्या. चित्रफीत सगळीकडे फिरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली. चालक आणि गाइड निलंबित झाले, दंड झाला. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गाभ्यातल्या पर्यटनात मोबाइल नको असं स्पष्ट केलं.

इथे मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. अशा प्रसंगी शिक्षा होते ती गाइडला आणि चालकाला. ते योग्यच. नियम त्यांना ठाऊक असतो. पण ती गाडी पुढे दामटायला सांगणारा कोण होता? मागच्या सीटवरून ‘अहो, थोडं जवळ घ्या ना’, ‘त्या गाडीला दिसला, आम्हाला का नाही?’, ‘वाघ दाखवलात तर खूश करू’ हे कोण म्हणतं? गाइड हा बहुतेक वेळा त्याच परिसरातल्या गावचा मुलगा असतो, हल्ली मुलीही आहेत. सकाळी चार वाजता उठून तो गेटावर येतो. पाहुण्याची नाराजी त्याला परवडत नाही. नियम पाळणारा गाइड आणि नाराज पाहुणा यांच्यात तो एकटा सापडतो. आपण गाडीत बसल्याबरोबर त्याला एवढंच सांगावं, ‘दादा, वाघ दिसला तर आनंद आहे, नाही दिसला तर तक्रार नाही. तुम्ही म्हणाल तिथे थांबू.’ मग बघा, तो तुम्हाला काय काय दाखवतो ते. झाडावरच्या अस्वलाच्या नखांचे ओरखडे, वाघाचा माग, अर्जुनाची आणि ऐनाची साल, सर्पगरुड, तळ्यातली मगर, मोहर्लीहून ताडोबाच्या वाटेवरचे जुने दगडी खांब. गोंड राजाच्या वेळी या खांबांवरून दोर ओढून घंटा बांधलेल्या असत आणि राजाची स्वारी आल्याची वर्दी दिली जाई, असं सांगतात. ‘वाघ नाही तर काहीच नाही’ हे म्हणणं थांबलं, की जंगलातली निम्मी गर्दी आपोआप थांबेल. आणि बक्षिसी द्यायची असेल तर वाघ न दिसलेल्या दिवशी द्या. त्या दिवसाचं बक्षीस खरं.

आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात गाभ्यातली सफारी बंद असते. तेव्हा कच्चे रस्ते चिखलाने खचतात, गवत वाढतं, नवी पिढी मोठी होते. जंगलाला तेवढी उसंत हवी. पावसाळ्यात वशिला लावून आत जायची खटपट करणारे महाभाग असतात. त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की घरातल्या बाळंतिणीच्या खोलीतही आपण आगंतुकासारखे शिरत नाही.

आता गेटाच्या बाहेर येऊ. पाटी गेटावर संपते, पण वाघाची हद्द तिथे संपत नाही. 15 नोव्हेंबर 2018 रोजी जुनोन्याजवळ चंद्रपूर-गोंदिया मार्गावर रेल्वेखाली वाघाची तीन बछडी मेली. रस्त्यांवर तर चितळं, रानमांजरं, साप, सायाळ रोजच मरतात. पाहुणे आत ताशी वीसच्या वेगाने सज्जनासारखे फिरतात आणि बाहेर पडताच परतीची गाडी गाठायला रात्री ऐंशी-नव्वदने सुटतात. वरोऱ्याहून चिमूरकडे जाताना, चंद्रपूरहून मोहर्लीला येताना, दोन्ही बाजूंना जंगल आहे. अंधार पडल्यावर गाडी सावकाश चालवणं, हीसुद्धा ताडोबाची सेवाच आहे.

आणि माणसं? मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या एकाच गावच्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावल्या. ज्या महिन्यात पाहुण्यांना वाघ सहज दिसतो, त्याच महिन्यात तेंदूचा हंगाम असतो. एकाला वाघ दिसला तर त्या दिवसाची कमाई, दुसऱ्याला दिसला तर त्याचा शेवटचा दिवस. ज्या गावांनी वाघ राखायचा, त्या गावांना वाघापासून चार पैसे मिळायला नकोत का? कायद्याने त्याची सोय केलेली आहे. आपण गेटावर भरतो ते शुल्क ताडोबाच्या व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे जातं आणि त्यातून गावांच्या विकासाची कामं होतात. 2015 पासून राज्याची श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. तिच्यातून बफरमधल्या घरांना स्वयंपाकाचा गॅस दिला गेला. गॅस आला की सरपणाला जंगलात जाणं कमी होतं आणि वाघाची गाठ पडणं टळतं. म्हणजे एका सिलिंडरने एखादी माउलीही वाचते आणि झाडही.

पाहुण्याने यात भर घालता येते. मोठ्या रिसॉर्टात उतरलात तरी एक जेवण गावातल्या बाईच्या हातचं घ्या. बफरच्या गेटांवरूनही सफारी घ्या, गाभ्याचाच हट्ट नको. बांबूची एखादी वस्तू, मध, हातसडीचा तांदूळ गावातून विकत घ्या आणि भावात फार घासाघीस करू नका. ‘तुमच्याकडे काय मज्जा, रोज वाघ!’ असं तिथल्या माणसाला म्हणू नका. विचारायचंच असेल तर ‘यंदा धान कसं आहे, रानडुकरांनी किती खाल्लं?’ असं विचारा. तो तुमच्याशी तासभर बोलेल.

श्रोतेहो, पाहुणा म्हणजे फक्त बघणारा, ही समजूत आपल्या वरोऱ्याने फार पूर्वी मोडून काढली आहे. बाबा आमट्यांनी इथे आनंदवन उभं केलं, तेव्हा 1950च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण तिथे येऊन राहिले आणि त्यांनी इमारती बांधायला स्वतः हात लावला. ही संस्था स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी काढलेली. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं फ्रान्समधलं एक गाव पुन्हा उभं करायला 1920 मध्ये त्यांनी पहिली श्रमछावणी घेतली, आणि 1934च्या भूकंपानंतर ते बिहारमध्येही आले होते. पुढे मूलजवळ, ताडोबाच्या जंगलाला लागून, बाबांनी सोमनाथचा प्रकल्प सुरू केला आणि तिथे साठच्या दशकाच्या अखेरीपासून मे महिन्यात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरत आली. भर उन्हात शहरातली मुलं येतात आणि कुदळ-फावडं हातात घेतात. पाहुणा कामाला लागला की तो पाहुणा राहत नाही, हे आपल्या मातीने दाखवलेलं आहे.

जंगलातही त्याची सोय आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्राण्यांची नोंद करायची जुनी पद्धत. वाघ मोजायला आता कॅमेरे आहेत, तरी ही रात्र ‘निसर्गानुभव’ म्हणून चालू आहे, अलीकडे बफर क्षेत्रात. बारा-पंधरा तास गप्प बसायचं, बोलायचं नाही, दिवा लावायचा नाही, जे आलं ते कागदावर लिहायचं. कधी रात्रभर एक मुंगूस आणि चार सांबरं. पण ज्याने अशी एक रात्र काढली, तो दुसऱ्या दिवशी जिप्सीत बसून ‘जवळ घ्या’ म्हणणार नाही. शाळा-कॉलेजांनी, गिर्यारोहण मंडळांनी, निवृत्त मंडळींनी याचा विचार करावा. रामदेगीसारख्या ठिकाणी यात्रेनंतर प्लास्टिक वेचायला, परवानगी घेऊन आणि वनखात्याच्या सोबतीने, दहा हात आले तरी फरक पडतो.

2024 मध्ये ताडोबाच्या परिसरातल्या दोन वाघिणी, जमुना आणि झीनत, ओडिशातल्या सिमिलीपालच्या जंगलात पाठवल्या गेल्या. झीनत तर तिथून झारखंड, बंगालपर्यंत भटकून आली आणि तिला परत नेताना वनखात्याची पुरेवाट झाली. आपल्याकडच्या लेकी सासरी गेल्यासारखंच झालं ते. 1935 साली ज्या रानात बंदुकीवर बंदी घालावी लागली, ते रान आज दुसऱ्या राज्याला वाघ देतंय. हे एका पिढीने केलेलं नाही. उठलेल्या गावांनी केलं, पायी चालणाऱ्या वनरक्षकांनी केलं, जाळरेषा काढणाऱ्या मजुरांनी केलं. आपल्या वाट्याला फार थोडं काम उरलं आहे.

म्हणून येत्या सुट्टीत ताडोबाला जरूर या. येताना पाण्याची धातूची बाटली आणा, मळकट रंगाचे साधे कपडे घाला, मोबाइल खोलीवर ठेवा. गेटावर पाच मिनिटं आधी पोचा आणि मुलाबाळांना ती पाटी मोठ्याने वाचून दाखवा. एकेक ओळ का लिहिली गेली, तेही त्यांना सांगा.